अनामत

उद्यमनगरात, इंगवल्यांच्या लेथच्या वर,
जिन्यातला लोखंडी आडवा चुकवायला शिकलेली
आम्ही नऊ माणसं.
खाली बुशिंग कातलं जातं, वर स्वातंत्र्य.
वही माझ्याकडे. अक्षर बरं म्हणून,
आणि भांडणात सगळ्यांत शेवटी बोलते म्हणून.

आमचा माणूस पाच वेळा लोकसभेला उभा राहिला.
चिन्ह दर खेपेला वेगळं: नरसाळं, कंगवा, एकदा फुगा.
अनामत दर खेपेला तीच. जप्त.
पावत्या मी वहीत चिकटवल्यात,
खळ सुटून आता एकमेकींना धरून बसतात.
यंदा त्यानं सहावा अर्ज भरला,
आणि त्याच आठवड्यात मोठ्या पक्षाचा उमेदवार
स्वतः जिना चढून आला.

आडवा त्याच्याही कपाळाला लागला.
हसला. चोळलं नाही.
तेवढ्यावरच तो आम्हाला थोडा आवडला.
म्हणाला, तुमचं एक वाक्य घेतो जाहीरनाम्यात,
पान अकरा, तळाला:
'लहान कारखान्याला लागणाऱ्या अठ्ठावीस दाखल्यांपैकी वीस बंद.'
आणि बाकीची पानं?
शिलाई यंत्र, सायकल, भांड्यांचा संच,
आमच्याच खिशातनं काढून आमच्याच दारात.

तो गेल्यावर जिनगोंडा म्हणाले,
"वीस तर वीस! तीस वर्षं आख्खी भाकरी मागतोय आपण,
कोर तरी पडली का ताटात?
आगीच्या दाखल्याला अकरा चकरा मारल्या मी,
भट्टीपेक्षा मीच जास्त तापलो."

मणेरचाचांनी चष्मा काढला.
"घे की कोर. पण ज्याच्या हातनं घेशील
त्याच्याच हातात उद्या तुझं नरडं.
मोठ्या तालमीत बारकं पोरगं गेलं
तर डाव शिकत न्हाई बाबा,
दुसऱ्याची माती ओढतंय."

सुलभा इंगवले ग्रीसच्या हातांनीच उभी.
"आणि तुमचं ते शुद्ध मत?
आमच्या आत्यानं लग्नाचा शालू असाच जपला.
नेसली न्हाई, दिला न्हाई.
घडीवर विरला."

मत घेऊ म्हणालं कुणीतरी. चिठ्ठ्या फाडल्या.
तेवढ्यात जिनगोंडाच थबकले: "थांबा. कलम दोन काढ गं."
काढलं. माझ्याच अक्षरात,
'बहुमताने कोणाही सभासदास बांधता येणार नाही.'
बराच वेळ कोणी बोललं नाही.
खाली लेथ थांबलं होतं, चहाची वेळ.
चिठ्ठ्यांवर मग भडंग वाढलं.

वहीत न लिहिलेलं एक:
पापाच्या तिकटीला माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
त्या अठ्ठावीस दाखल्यांवर माझं घर चालतं,
प्रत्येकाच्या तीन प्रती, साक्षांकित.
वीस गेले तर काय, हा हिशोब
मी रात्री एकदाच केला आणि कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी शटरवर त्याचा फ्लेक्स.
न विचारता.
उतरवला. दोरी मात्र कापली नाही, सोडवली,
गाठ कुणीतरी नीट, सवडीनं मारली होती.

मतदानाची शाळा, बाकांवर कोरलेली पोरांची नावं,
कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा.
तिथं कलम दोन नव्हतं, मणेरचाचा नव्हते,
कुठला दाखला जोडायचा नव्हता.
इतकी मोकळी मी फार थोड्या ठिकाणी असते,
आणि नेमकं तिथंच
बोट हवेत राहिलं.
मागच्या बाईनं घसा खाकरला.

निकाल लागला. आमच्या माणसाला अठराशे सहा.
मागच्या खेपेपेक्षा सात कमी.
वर पुन्हा नऊ जण, आडवा चुकवून.
मणेरचाचांनी आकडा दोनदा वाचला,
"सात गेले. म्हणजे दोघं राहिले म्हणायचे आपल्यातले."
आणि नऊच्या नऊ माना
एकाच वेळी, समजुतीनं, डोलल्या.

माझीही.